आवाजाचा संधिविग्रह

आमच्या घरी पहिला ‘फाइव्ह पॉइंट वन’ आला तो रिक्षातून, माझ्या मांडीवर बसून. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास असेंबल केलेले अँप विकणारी दुकानं आहेत. त्यांतल्या एकात काउंटरवर तो काळा चकचकीत डबा मांडलेला होता. पुढे निळे दिवे, रांगेनं नॉब आणि सोनेरी अक्षरांत ‘डिजिटल सराउंड’. सोबत पाच लहान पेट्या आणि जमिनीवर ठेवायचा एक वूफर. घरी आणून सगळ्या वायरी जोडल्या, एक मारधाडीचा सिनेमा लावला आणि आवाज आला. पाचही पेट्यांतून आला, खिडकीच्या काचा थरथरतील इतका आला. आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही तो ऐकवत होतो.

बिंग फुटलं ते एका शांत प्रसंगात. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर बसून हळू बोलत होती आणि त्यांचं बोलणं माझ्या मानेमागूनही येत होतं. दुसऱ्या दिवशी स्क्रू काढून डबा उघडला. आत एक ट्रान्सफॉर्मर, ओळीनं सहा टीडीए २०३० अँप-चिप, दोन ४५५८ ऑप-अँप आणि बाकी हवा. डावीकडची वायर फुटून पुढच्या आणि मागच्या डाव्या पेटीला गेलेली, उजवीकडची तशीच, आणि दोन्ही एकत्र करून मधल्या पेटीला दिलेल्या. डिकोडर नावाची वस्तू त्या डब्यात नव्हतीच. सराउंड होतं ते फक्त रंगवलेल्या पट्टीवर.

हे पुस्तक त्या उघड्या डब्यातून निघालं आहे. पाच पेट्या असणं वेगळं आणि पाच आवाज असणं वेगळं. त्या दोहोंच्या मध्ये डिकोडर बसतो. पेट्या कोणत्या घ्याव्यात, कितीच्या घ्याव्यात, याची चर्चा शेवटच्या दोन प्रकरणांत आहे आणि ती मुद्दाम तोकडी ठेवली आहे, कारण मॉडेलं छापखान्यातून पुस्तक बाहेर पडेपर्यंत बदलतात. डिकोडर काय करतो हे मात्र कळलं की दुकानदाराला नेमके प्रश्न विचारता येतात, आणि बऱ्याचदा नवीन काही विकत न घेताच काम भागतं.

माझं एक मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही. होम थिएटर घेणारा जवळजवळ प्रत्येक जण मागच्या दोन पेट्यांसाठी पैसे मोजतो. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं पाहिजे, गोळी कानाजवळून सुटली पाहिजे. पण ज्या तक्रारीपायी घरोघरी रिमोट हातातून सुटत नाही, ती वेगळीच आहे. गाणं लागलं की आवाज कमी करा, बोलायला लागले की वाढवा, मारामारी आली की पुन्हा कमी करा, आणि एवढं करून शेवटी शेजारच्याला विचारायचंच, ‘काय म्हणाला तो?’ माझी आई म्हणायची, ‘ही माणसं तोंडात सुपारी धरून बोलतात का रे?’ सुपारी त्यांच्या तोंडात नव्हती, आमच्या वायरिंगमध्ये होती. डिकोडिंगचा घराला होणारा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे बोललेलं कळणं, आणि तो पदरात पडतो मधल्या, टीव्हीखालच्या पेटीतून. मागच्या पेट्या म्हणजे सणासुदीचे दागिने. रोजचा संसार मधलीच चालवते. ज्यांना हेलिकॉप्टरच हवं आहे त्यांनी सहाव्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी माझी हरकत नाही.

माणूस जिथे दिसतो तिथूनच त्याचा आवाज यावा, ही मागणी बोलपटाइतकीच जुनी. ॲलन ब्लमलिन नावाचा तरुण इंग्रज इंजिनिअर सिनेमा बघत असताना त्याला खटकलं की नट पडद्याच्या एका टोकाला आहे आणि आवाज भलतीकडून येतो आहे, अशी हकिकत सांगतात. डिसेंबर १९३१मध्ये त्यानं पेटंटसाठी जो अर्ज केला, त्यात आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा जवळजवळ सगळा पाया आहे. १९३५मध्ये त्यानं हेज इथल्या ईएमआय कंपनीत छोट्या चाचणी-फिल्म केल्या. त्यात माणसं नुसती इकडून तिकडे बोलत चालतात. पुढे महायुद्धात रडारच्या चाचणीचं विमान कोसळून तो ३८व्या वर्षी गेला.

त्यानंतरचे प्रयत्न दिमाखदार होते आणि महागडेही. डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी १९४०मध्ये आवाजाची वेगळी फिल्म चित्राच्या फिल्मबरोबर पळवली. ती यंत्रणा मोजक्याच थिएटरांत बसली. १९५३च्या ‘द रोब’पासून सिनेमास्कोपच्या रिळावर चुंबकीय पट्ट्या आल्या आणि चार आवाज मिळाले: डावा, मधला, उजवा आणि प्रेक्षागृहातला. ७० मिलिमीटरच्या रिळावर तर सहा पट्ट्या. मुंबईच्या मिनर्व्हाला ‘शोले’ १९७५च्या १५ ऑगस्टला लागला आणि पाच वर्षं हलला नाही. तिथे जयनं उडवलेलं नाणं खणखणलं की लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, हे त्या पिढीतल्या प्रत्येकानं मला सांगितलं आहे. त्यातले निम्मे तरी तेव्हा मिनर्व्हाला गेले नसावेत, पण नाणं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मिनर्व्हा होतं लॅमिंग्टन रोडवर. ज्या रस्त्यावर लोकांनी सहा पट्ट्यांचा आवाज ऐकला, त्याच रस्त्यावरच्या दुकानांत पुढे तो आवाज घरी नेण्याची स्वप्नं किलोवर विकली गेली.

चुंबकीय पट्टीची अडचण अशी की ती प्रत्येक प्रिंटवर वेगळी लेपावी लागे, तीवर आवाज वेगळा भरावा लागे, आणि वापरून ती झिजे. साध्या ३५ मिलिमीटरच्या रिळावर चित्राशेजारी एक चिंचोळी जागा असते. तिथे आवाजाची रेघ प्रकाशानं छापलेली, चित्राबरोबर फुकटात येणारी. जागा एका आवाजाची, मारून मुटकून दोन रेघांची. आणि हवे होते चार आवाज.

यातून वाट काढली रे डॉल्बीच्या कंपनीनं. या डॉल्बींचा आपल्याशी एक धागा आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. १९६३ ते १९६५ ही दोन वर्षं ते युनेस्कोचे तंत्रसल्लागार म्हणून भारतात, चंडीगडच्या वैज्ञानिक उपकरणांच्या संस्थेत होते, आणि इथून निघाल्यावर १९६५मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. आधी त्यांनी टेपची खरखर घालवली. त्याच युक्तीनं रिळावरच्या रेघेची खरखरही घटली, म्हणूनच ती चिंचोळी जागा दोघांत वाटून घेणं परवडू लागलं. १९७५मध्ये डॉल्बी स्टिरिओ आला. ‘स्टार वॉर्स’ १९७७चा. त्यानंतर थिएटरवाल्यांना पटवत बसावं लागलं नाही.

चार आवाज दोन रेघांत कसे बसवले, हे समजलं की डिकोडिंगचं निम्मं शास्त्र समजलं, म्हणून इथे जरा थांबतो.

शाळेत आपण संधी शिकलो. ‘महा’ आणि ‘ईश’ जोडले की ‘महेश’. जागा वाचते, अर्थ शाबूत राहतो. अट एवढीच की वाचणाऱ्याला विग्रह यायला हवा. डॉल्बी स्टिरिओनं आवाजांची संधी केली ती अशी. डावा आवाज डाव्या रेघेत, उजवा उजव्या. मधला आवाज दोन्ही रेघांत सारखा, प्रत्येकीत ३ डेसिबलनं उतरवून. मागचा आवाजही दोन्ही रेघांत, तितकाच उतरवून, पण एकीत ९० अंश पुढे सरकवलेला आणि दुसरीत ९० अंश मागे. म्हणजे एका रेघेत त्याची लाट चढत असेल तेव्हा दुसरीत ती उतरत असते.

विग्रह करणाऱ्याला आता फक्त बेरीज-वजाबाकी करायची आहे. दोन रेघा मिळवल्या की मधला आवाज बळावतो आणि मागचा स्वतःलाच खोडून नाहीसा होतो. एकीतून दुसरी वजा केली की मधला खोडला जातो आणि मागचा उरतो. ज्या थिएटरात डिकोडर नाही तिथे हीच प्रिंट साध्या यंत्रावर चालते, कुणाचं काही अडत नाही. मला या युक्तीचं कौतुक अजून ओसरलेलं नाही.

पण खोट आहे. ‘महेश’ फोडायला घ्या. अ किंवा आ यांच्यापुढे इ किंवा ई आली की ए होतो, एवढाच नियम ठाऊक असलेल्या परदेशी माणसानं मह अधिक इश, मह अधिक ईश, महा अधिक इश असं काहीही मांडलं तरी नियम मोडत नाही. बरोबर विग्रह आपल्याला कळतो तो अर्थावरून. साधा डिकोडर त्या परदेशी माणसासारखा असतो: नियम पाठ, अर्थाचा गंध नाही. जो आवाज फक्त डाव्या रेघेत आहे तो बेरजेतही येतो आणि वजाबाकीतही, अवघा ३ डेसिबल कमी होऊन. ३ डेसिबल म्हणजे शक्ती निम्मी. कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. म्हणजे डाव्या पेटीतला घोडा मधल्या पेटीतही खिंकाळतो आणि थोडा पाठीमागेही. समोरासमोरच्या जोड्या, डावा-उजवा किंवा मधला-मागचा, स्वच्छ सुटतात. शेजारी मात्र एकमेकांच्या घरात वाकून बघत राहतात.

घरात हा साधा डिकोडर १९८२मध्ये आला. तेव्हाच्या सिनेमांच्या स्टिरिओ व्हिडिओ कॅसेटवर त्या दोन रेघा जशाच्या तशा उतरलेल्या असत, म्हणजे संधी घरात पोचलेली होती, विग्रह करणारा नव्हता. मागच्या पेटीचा आवाज मुद्दाम सुमारे २० मिलिसेकंद उशिरा सोडत, आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचं त्यातून कापलेलं असे. यामागे कानाची एक खोड आहे. एकच आवाज दोन जागांहून आला तर जो आधी पोचतो, त्याच्याच दिशेनं तो आला असं आपण समजतो. १९४९मध्ये हेल्मुट हास यांनी हे मोजून दाखवलं. म्हणून मागे गळलेला संवाद उशिरा आला की कान त्याला पुढचाच मानतो, आणि ‘स’, ‘श’ची सळसळ वरचं कापल्यामुळे मागे ऐकू येत नाही. गळती थांबवलेली नसते, ती कानापासून लपवलेली असते.

अर्थ कळणारा डिकोडर, प्रो लॉजिक, १९८७चा. दोन रेघांची क्षणाक्षणाला तुलना करून तो ठरवतो की या घटकेला जोर कुठल्या दिशेला आहे, आणि मग त्या दिशेचा आवाज बाकीच्या पेट्यांतून उलट लाट मिसळून खोडून काढतो. शेजाऱ्यांमधलं अंतर ३ डेसिबलवरून २५च्या पुढे गेलं. मधल्या पेटीला स्वतःचं अस्तित्व मिळालं ते इथे. एका वेळी तो एकाच दिशेकडे बघतो, ही त्याची मर्यादा. पावसात कुणी मोठ्यानं बोललं तर क्षणभर पाऊसही मध्यावर गोळा होतो आणि बोलणं संपलं की पुन्हा पसरतो. २०००मध्ये जिम फॉसगेट यांच्या रचनेवरचा प्रो लॉजिक टू आला, त्यात हे पुष्कळ सुधारलं. मागच्या दोन पेट्यांना वेगवेगळा, पूर्ण पट्टीचा आवाजही मिळाला.

वजाबाकीचा चमत्कार बघायला डिकोडर लागत नाही. अमेरिकेतल्या डेव्हिड हाफलर यांनी सुचवलेली जोडणी कुठल्याही जुन्या स्टिरिओ अँपवर करता येते: एक जास्तीची पेटी घ्यायची आणि तिच्या दोन्ही वायरी डाव्या आणि उजव्या चॅनलच्या लाल टर्मिनलना लावायच्या, काळ्याला हात लावायचा नाही. पेटीला मिळतो तो दोहोंतला फरक. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा डेकवर एका चित्रपटगीताची कॅसेट चालू होती. मागच्या पेटीतून गायिका नाहीशी झाली आणि तिची फक्त सावली उरली: हॉलचा घुमारा, कडेची व्हायोलिनं, कुठूनतरी येणारा कोरस. गाणं तेच, पण गाणारी खोलीतून उठून गेल्यासारखं. सावधगिरीची सूचना अशी की ज्या अँपमध्ये दोन्ही चॅनलची काळी टर्मिनलं आतून एकच नाहीत, म्हणजे कारागीर ज्याला ब्रिज केलेला अँप म्हणतात, त्याच्यावर हे करू नये. जळण्याची भीती असते. दुसऱ्या प्रकरणात आकृती दिली आहे. ती नीट बघूनच वायर सोला.

डिजिटल युगानं हा संधिविग्रहाचा खेळ एका अर्थी संपवला. १९९२च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’च्या प्रिंटवर रिळाच्या कडेच्या भोकांच्या मधल्या जागेत ठिपक्यांचे चौकोन छापलेले होते, डॉल्बी डिजिटलचा आवाज तिथे होता. पुढच्या वर्षी ‘ज्युरासिक पार्क’साठी डीटीएसनं आवाज थेट सीडीवर ठेवला आणि रिळावर फक्त वेळेच्या खुणा. दोन्हींत पाच आवाज वेगळेच्या वेगळे, शिवाय खोल धडाक्यांसाठी एक सहावा, तोकड्या पट्टीचा. त्याच्या नावाचा तो ‘पॉइंट वन’. आता शेजारी वाकून बघण्याचा प्रश्न नव्हता, जागेचा होता. हिशेब करून बघा: सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, म्हणजे एका आवाजाला ७६८ किलोबिट आणि पाच आवाजांना ३,८४० किलोबिट. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलला जास्तीत जास्त मिळत ४४८. गाठोडं जवळजवळ नवव्या हिश्शात बांधायचं. ते बांधताना मोठ्या आवाजाच्या सावलीत जे कानाला तसंही ऐकू येणार नाही ते टाकून देतात, आणि ३२ मिलिसेकंदांचा एकेक तुकडा करून पाठवतात. डिकोडर हे तुकडे उलगडून पुन्हा लाटा तयार करतो. पुढे ब्लू-रेवर काहीही न टाकता बांधलेली गाठोडी आली. त्यांतला फरक ओळखता येतो असं सांगणाऱ्या मित्रांशी माझे वाद झाले आहेत आणि चौथ्या प्रकरणात ते मी एकतर्फी मांडले आहेत.

मला त्या गाठोड्यापेक्षा त्याच्यावर चिकटवलेली चिठ्ठी महत्त्वाची वाटते. डॉल्बी डिजिटलच्या प्रत्येक तुकड्याबरोबर काही सूचना येतात: या सिनेमात बोलण्याची सर्वसाधारण पातळी किती आहे, रात्री हळू ऐकायचं असेल तर धडाके किती दाबायचे, आणि ऐकणाऱ्याकडे दोनच पेट्या असतील तर पाचांचे दोन कसे करायचे. शेवटची सूचना आपल्या घरांत सगळ्यात जास्त पाळली जाते, कारण बहुतेक घरांत आवाज टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरांतूनच येतो. पाच वेगळे आवाज स्टुडिओत कुणीतरी रात्री जागून मांडलेले असतात; ते आपल्या हॉलपर्यंत व्यवस्थित पोचतात; आणि शेवटच्या वितीवर टीव्ही त्यांची पुन्हा मोट बांधतो. मधला आवाज ३ डेसिबलनं उतरवून डावी-उजवीकडे वाटला जातो, मागचे त्यातच मिसळतात, धडाक्यांचा सहावा आवाज तर बहुधा टाकूनच देतात.

आईच्या सुपारीचं उत्तर या मोटेत आहे. संवाद दोन स्पीकरांतून सारखाच आला की तो मधून आल्याचा भास होतो, हे खरं. पण प्रत्येक कान दोन्ही स्पीकर ऐकत असतो. डाव्या कानाला डावा स्पीकर आधी ऐकू येतो आणि उजवा डोक्याला वळसा घालून पाव मिलिसेकंद उशिरा. एवढ्याशा उशिरानं २ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लाटा एकमेकींना खोडतात, आणि तिथे एक खड्डा पडतो. स्वरांचा भरदार भाग त्याच्या खाली असतो, म्हणून आवाज मोठा वाटतो. व्यंजनं ओळखायची ती खड्ड्याच्या अवतीभवती. ‘काल’ म्हणाला की ‘पाल’, ‘टाक’ की ‘ताक’, हे तिथे ठरतं. आवाज वाढवून खड्डा भरत नाही, फक्त काठ उंच होतात. शिवाय हे सगळं अगदी मध्यावर बसणाऱ्यासाठी. आपल्या हॉलमध्ये मध्यावर बसतो एक जण. बाकीचे दिवाणावर, खुर्चीत, स्वयंपाकघराच्या दारात. डावीकडच्या दिवाणावर बसलेल्याला डावा स्पीकर आधी ऐकू येतो, आणि हास यांच्या नियमानं सगळी पात्रं त्या स्पीकरात शिरून बोलायला लागतात.

खरी मधली पेटी हे दोन्ही रोग एका औषधात बरे करते. आवाज एकाच जागेहून येतो, खड्डा पडत नाही, आणि दाराशी उभं राहून ऐकलं तरी बोलणारा टीव्हीजवळच राहतो. शिवाय संवाद सुटा मिळाल्यामुळे तेवढाच दोन-तीन डेसिबलनं वाढवता येतो; पार्श्वसंगीताला हात लावावा लागत नाही. माझ्याकडे पहिला खरा डिकोडर आला त्या संध्याकाळी मी मागच्या पेट्या जोडल्याच नव्हत्या, वायर कमी पडली होती. आई नेहमीची मालिका बघत बसली आणि अर्ध्या तासानं तिनं स्वतः रिमोट घेऊन आवाज कमी केला. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

खोलीबद्दल थोडंसंच, कारण सातवं प्रकरण सगळं त्याच्यावरच आहे. आंतरराष्ट्रीय शिफारस सांगते की मधली पेटी समोर, पुढच्या दोन तिच्यापासून तीस-तीस अंशांवर, आणि मागच्या १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्यांच्या जरा मागे. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये, जिथे सोफा भिंतीला टेकलेला आहे आणि एका बाजूला गॅलरीचं दार आहे, तिथे हे अंश कंपासपेटीतच राहतात. इथेही डिकोडर कामी येतो. आवाज एका मिलिसेकंदाला जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. कुठली पेटी किती लांब आहे हे रिसीव्हरला, म्हणजे डिकोडर आणि अँप एकत्र असलेल्या डब्याला, सांगितलं की तो जवळच्या पेटीला तेवढा उशीर करायला लावतो आणि सगळे आवाज एका वेळी कानाशी पोचतात. लहान पेट्यांना न झेपणारा ८० हर्ट्झच्या खालचा भाग तो वूफरकडे वळवतो. ही दोन कामं नीट लावून घेतली तर स्वस्त पेट्याही शहाण्यासारख्या वागतात. नाही लावली, तर महागड्याही भांडतात. फरशीवर एक सतरंजी अंथरा, हे मात्र कुठल्याच रिसीव्हरच्या मेनूत नसतं.

नव्या पद्धतींमध्ये हिशेबच उलटा झाला आहे. २०१२मध्ये ‘ब्रेव्ह’ या सिनेमापासून आलेल्या डॉल्बी ॲटमॉसमध्ये आवाज कुठल्या पेटीतून काढायचा हे लिहिलेलंच नसतं, तो खोलीत कुठे आहे हे लिहिलेलं असतं. थिएटरात असे १२८पर्यंत आवाज आणि ६४पर्यंत पेट्यांच्या वाटा. २०१४पासून घरासाठीही ते आहे. पाऊस डोक्यावर आहे एवढंच डिकोडरला कळतं आणि तुमच्याकडे छताला पेट्या आहेत, की टीव्हीखाली एक साउंडबार, हे बघून तो तिथल्या तिथे वाटणी करतो. ‘तुंबाड’सारखा जवळजवळ सबंध पावसात भिजलेला सिनेमा लावला की ही वाटणी चांगली झाली की नाही ते लगेच समजतं: पाऊस छपरावर पडला पाहिजे, टीव्हीवर नाही. मात्र एवढं सगळं करून टीव्ही आणि रिसीव्हर यांच्यामध्ये चुकीची वायर असेल तर पुन्हा दोनच आवाज पुढे जातात. ऑप्टिकल वायरीतून बांधलेले पाच-सहा आवाज जातात, ब्लू-रेची न टाकता बांधलेली गाठोडी जात नाहीत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ असं निवडलेलं असलं की बहुतेक टीव्ही विग्रह स्वतःच उरकून मोकळे होतात. लोक माझ्याकडे ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यांतल्या कितीतरी या एका ओळीपाशी मिटल्या आहेत, आणि त्याचे पैसे मला घेता आलेले नाहीत.

या पुस्तकाचा मसुदा मी अनेकांना वाचायला दिला. एका काकांनी तो न वाचताच सांगितलं, ‘मला काही ते कळत नाही, घरी येऊन ऐकतो.’ आले. पाच पेट्या, वूफर, दिवे मंद. मी विचारलं काय लावू, तर म्हणाले, ‘प्रभातचा संत तुकाराम लाव.’ १९३६चा सिनेमा, एकाच रेघेचा आवाज. डाव्या आणि उजव्या वाटेनं अक्षर न अक्षर सारखं येणारं. वजाबाकी केली की हाती शून्य. डिकोडरनं सगळा आवाज टीव्हीखालच्या एका पेटीत नेऊन ठेवला, आणि त्या एका पेटीतून तुकाराम आणि आवली इतके स्पष्ट बोलायला लागले की काका पुढे सरकून बसले. दहा मिनिटांनी त्यांनी मागे वळून दोन्ही पेट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘ह्या बंद पडल्यात का रे?’

‘नाही काका. त्यांना आज सुट्टी.’